इलेक्ट्रिक जेटला झटके येतायत? आधी व्होल्टेज मोजा, मग रेडिओकडे बघा

सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) उडवलेलं रिमोटवर चालणारं मॉडेल जेट वळणात क्षणभर हाताबाहेर गेलं, की सगळ्यांचं बोट आधी समोरच्या मोबाइल टॉवरकडे जातं, नाहीतर रिसिव्हरकडे, म्हणजे हातातल्या रेडिओचा (रिमोटचा) सिग्नल घेणाऱ्या विमानातल्या डबीकडे. पंख्याच्या जेटमध्ये, म्हणजे नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यावर उडणाऱ्या विमानात, हा संशय बहुतेक वेळा चुकीचा निघतो. दोष विमानाच्या पोटातच असतो आणि तोही रेडिओत नाही, रिसिव्हरला मिळणाऱ्या विजेत. ८० मिमीचा पंखा ६ सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर पूर्ण थ्रॉटलला (पंख्याच्या पूर्ण वेगाला) ८० ते १०० अँपिअर ओढतो. त्याच बॅटरीतून, त्याच ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) छोट्या बीईसीतून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसिव्हरला देणाऱ्या भागातून, सहा-आठ सर्व्हो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन पायांचं रिट्रॅक्ट (आत-बाहेर होणारे चाकांचे पाय) चालतं. शिवाय वेग मोठा. ताशी १२० किमीला अर्ध्या सेकंदात विमान जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून ट्रेनरमध्ये (शिकाऊंच्या संथ विमानात) जो झटका कळतही नाही, तो जेट जमिनीत घालतो.

झटका नेमका कसा होता?

विमान उतरल्यावर लगेच बॅटरी काढू नका. आधी रिसिव्हरचा दिवा बघा. बऱ्याच रिसिव्हरमध्ये मध्येच वीज तुटून परत आली, तर दिवा स्थिर न राहता लुकलुकत राहतो. बॅटरी काढलीत की हा पुरावा गेला.

सगळेच सर्व्हो गोठले, पंखाही बंद पडला आणि एक-दोन सेकंदांनी सगळं परत आलं, तर रिसिव्हरची वीज पडली किंवा सिग्नल तुटला. फक्त पंखा बंद पडला आणि एलेरॉन-एलिव्हेटर (पंख आणि शेपटीवरच्या हलत्या फळ्या) नीट चालत राहिले, तर हा रेडिओचा प्रश्नच नाही. ईएससीने बॅटरीचं व्होल्टेज कमी झालं म्हणून किंवा स्वतः तापला म्हणून थ्रॉटल कापला. जुना लिपो पूर्ण थ्रॉटलला दर सेलमागे ३.२ व्होल्टच्या खाली गेला की असं होतं, आणि ते बहुतेक उड्डाणाच्या शेवटच्या मिनिटात होतं. एकच पंख किंवा एकच फ्लॅप थरथरत असेल, तर तो सर्व्हो, त्याची एक्स्टेन्शन (वाढवलेली तार) किंवा त्याचा कनेक्टर बघा, बाकी काही उसवू नका. आणि झटका नेहमी एकाच स्थितीत येत असेल, म्हणजे विमान तुमच्यापासून लांब जाताना किंवा पोट तुमच्याकडे वळलेलं असताना, तर अँटेना.

वीज मोजा

मोटरच्या तीनही तारा ईएससीपासून सोडवा आणि त्यांची टोकं वेगवेगळी झाकून ठेवा. आता पंखा फिरू शकत नाही, पण बीईसी चालू आहे. रिसिव्हर टेलिमेट्रीवर (विमानातून रेडिओकडे उलट येणाऱ्या माहितीत) स्वतःचं व्होल्टेज पाठवत असेल तर रेडिओवर किमान आकडा बघा. टेलिमेट्री नसेल, तर रिसिव्हरच्या रिकाम्या खाचेत किमान आकडा धरून ठेवणारा व्होल्टमीटर लावा. साधा मल्टिमीटर इथे फसवतो. दहा-वीस मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही.

मग रेडिओच्या दोन्ही काड्या कोपऱ्याकोपऱ्यांत भराभर फिरवत राहा, फ्लॅप खाली घ्या आणि त्याच वेळी पाय आत-बाहेर करा. उतरताना हवेत नेमकं हेच होतं. ५ व्होल्टचा बीईसी ४.५ च्या खाली जाता कामा नये. ४.२ दिसलं तर ते विमान उडवायचं नाही. २.४ गिगाहर्ट्झचे अनेक रिसिव्हर ३.५ व्होल्टच्या आसपास बंद पडून पुन्हा सुरू होतात. जमिनीवर ४.२ आहे म्हणजे हवेत, पंखांवर वाऱ्याचा दाब असताना, ते आणखी खाली जाणार. हीच चाचणी विमान उतरल्याउतरल्या, ईएससी गरम असतानाही करा. मोटरच्या तारा गार झाल्यावर सोडवायला मिळतील, तोवर थ्रॉटल लॉक ठेवा आणि हात पंख्यापासून दूर. ईएससीच्याच पाटीवर बसवलेला बीईसी तापला की त्याची ताकद घटते. सकाळी पहिल्या उड्डाणाला सगळं ठीक आणि तिसऱ्याला झटके, यामागचं कारण अनेकदा एवढंच असतं.

दोष बीईसीचाच आहे ना, हे पक्कं करायला ईएससीच्या सर्व्हो-वायरमधली लाल तार काढा. टाचणीने प्लास्टिकची जीभ किंचित उचलली की पिन बाहेर सरकते. तिच्यावर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून मागे दुमडा. पांढरी आणि काळी तशीच राहू द्या. आता रिसिव्हरला ५ सेलचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक जोडा, म्हणजे ६ व्होल्ट, पण सर्व्हो ६ व्होल्टचे आहेत हे आधी वाचून घ्या. झटके गेले, तर उत्तर मिळालं. लाल तार न काढता दुसरा पॅक जोडू नका, दोन स्रोत एकमेकांत वीज ढकलतात.

८० मिमीच्या जेटला कायमचा उपाय म्हणजे वेगळा, स्विचिंग प्रकारचा ८ ते १० अँपिअरचा बीईसी. त्याची वीज एकाच सर्व्हो-वायरने आत घेऊ नका. त्या बारीक पिनेला ३ अँपिअरच्या आसपास झेपतं. दोन वायरी करून दोन वेगळ्या खाचांत लावा. रिसिव्हरवर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायची पद्धत आहे, पण त्यावर विसंबू नका. २ अँपिअरची तूट असेल तर तो जेमतेम सव्वादोन मिलिसेकंदांत १ व्होल्ट उतरतो. बीईसी कमी पडतोय ही गोष्ट तो झाकतो, दुरुस्त करत नाही.

तारांची लांबी

जेटमध्ये बॅटरी नाकात आणि पंखा मध्यावर, त्यामुळे तारा वाढवाव्याच लागतात. प्रश्न कुठल्या वाढवायच्या हा आहे. बॅटरी ते ईएससी शक्य तितकी आखूड ठेवा. ही तार लांबली की ईएससीच्या तोंडाशी व्होल्टेजच्या लाटा उठतात, ईएससीचे कपॅसिटर तापतात आणि शेवटी ईएससी उडतो. वाढवणं टळतच नसेल तर दर १० सेमी जादा लांबीमागे २२० मायक्रोफॅरडचा, कमी अंतर्गत रोधाचा कपॅसिटर ईएससीजवळ जोडा. ६ सेलला पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट असतात, म्हणून कपॅसिटर ३५ व्होल्टचा घ्या, २५ चा नको. धन-ऋण उलटं जोडलंत तर तो फुटतो.

सर्व्होच्या एक्स्टेन्शनकडे कोणी बघत नाही. ६० सेमीची २६ गेजची एक्स्टेन्शन १.५ अँपिअरला जाऊन-येऊन जवळजवळ पाव व्होल्ट खाते. २२ गेजची ०.१ व्होल्ट. पंखाच्या टोकाशी असलेल्या सर्व्होला जाडच तार द्या, तिन्ही तारा पिळून घ्या आणि मोटरच्या तारांना समांतर ओढू नका. आडव्याच जाऊ द्या. फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेढे दिले तर लांब तारेवरची सर्व्होची थरथर कमी होते, पण पडणाऱ्या व्होल्टेजवर त्याचा उपयोग शून्य.

अँटेना

तारेच्या टोकाचा उघडा भाग ३१ मिमी असतो, २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेचा पाव हिस्सा. काम तोच करतो, आधीची झाकलेली तार फक्त सिग्नल वाहून आणते. हा ३१ मिमी सरळ असला पाहिजे, दुमडलेला किंवा टेपखाली चिकटवलेला नको. दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात ठेवा, एक आडवी पंखाच्या मुळाशी, दुसरी उभी शेपटीच्या बुडाशी. फोम आणि प्लाय सिग्नल आरपार जाऊ देतात. कार्बनची नळी, लिपो, ईएससी आणि चंदेरी धातूची टेप देत नाहीत. जेटला चकचकीत दाखवण्यासाठी लावलेल्या टेपने रेंज खाल्ल्याचं लक्षात यायला फार वेळ जातो, म्हणून तिला आधीच संशयितांच्या यादीत घाला. रिसिव्हर बॅटरीखाली दाबून ठेवला असेल तर बॅटरीची सावली एका बाजूला पडणारच.

रेडिओची अँटेना विमानाकडे रोखू नका. तिच्या टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी जातो, बाजूने जास्त.

आता त्या टॉवरचं. रेडिओचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, आणि त्याला लागूनच खाली २३०० ते २४०० हा ४जीचा पट्टा. अगदी पायथ्याशी उभं राहून उडवलंत तर स्वस्त रिसिव्हर बधिर होऊ शकतो. काहीशे मीटर बाजूला सरका. पण विजेची तपासणी झाल्याशिवाय टॉवरला दोष देऊ नका.

रेंज तपासणी, पंखा चालू ठेवून

विमान जमिनीवर न ठेवता लाकडी स्टुलावर, ६०-७० सेमी उंच बांधा. रेडिओ रेंज-टेस्टमध्ये (कमी ताकदीच्या मोडमध्ये) टाका आणि ३० पावलं चालत जा. जोडीदाराने विमान चहूबाजूंनी वळवत राहायचं, तुम्ही काड्या हलवत राहायच्या. सर्व्हो सगळ्या दिशांना गुळगुळीत चालले पाहिजेत. मग विमान पक्कं धरून अर्धा, नंतर पूर्ण थ्रॉटल. पंखा बंद असताना मिळालेलं अंतर चालू असताना एक तृतीयांशाहून अधिक घटलं, तर ईएससीचा किंवा तारांच्या मांडणीचा गोंधळ आहे. जागा स्वच्छ निवडा. कातळावरची जांभ्याची बारीक खडी पंखा आत ओढतो, पाती चिरतात, आणि बिघडलेल्या तोलाच्या कंपनाने कनेक्टर सैल पडतात. पंख्याच्या प्रतलात कोणी उभं राहायचं नाही, ओढणी-गमछा आत सुटू द्यायचा नाही.

शेवटी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की रिसिव्हर आपोआप काय करतो ते. विमान बांधलेलं असतानाच रेडिओ बंद करून बघा. थ्रॉटल शून्यावर गेलाच पाहिजे. रिसिव्हरची रेडिओशी पुन्हा जोडणी (बाइंड) केल्यावर ही सेटिंग अनेक रिसिव्हरमध्ये नव्याने द्यावी लागते.

किनाऱ्यावरची खास अडचण

गुहागर, देवगड किंवा मालवणच्या वाळूवरून उडवणाऱ्यांना वर सांगितलेलं सगळं नीट असूनही झटके येतात. कारण मीठ. दुपारी खारे वारे सुरू झाले की बारीक तुषार कनेक्टरमध्ये शिरतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि पिनांच्या मध्ये ओला क्षार साचतो. कपाटात ठेवलेलं विमानसुद्धा पावसाळ्यात असं गंजतं. तारेचं आवरण टोकाशी सोलून बघा. तांबं तांबूस दिसण्याऐवजी काळं पडलं असेल, तर सोल्डर धरणार नाही. ती तार काढून टाका, खरवडून पुन्हा वापरू नका.

सकाळी मतलई वारे असतात, हवा संथ आणि मीठ कमी. जेटला तीच वेळ द्या. उडवून झाल्यावर रिसिव्हर आणि सर्व्होचे कनेक्टर सोडवून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, पूर्ण सुकू द्या, पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. जून ते सप्टेंबर सगळं इलेक्ट्रॉनिक्स झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत घाला. मात्र लिपो त्याच डब्यात कोंडू नका. ते वेगळे, दर सेलला ३.८ व्होल्टवर, थंड जागी. ऑक्टोबरात पहिल्या उड्डाणाआधी प्रत्येक कनेक्टर एकदा ओढून बघा, आणि मोटरच्या तारा सोडवून केलेली ती व्होल्टेजची चाचणी पुन्हा करा.