अलॉय व्हीलला घरी रंग देताय? या चुका टाळा

घरी रंगवलेल्या अलॉय व्हीलचे पोपडे निघू लागले की खापर हमखास स्प्रे कॅनवर फुटतं. रंग स्वस्तातला होता, दुसरं काय! पण चाकांसाठीचा साधा अॅक्रिलिक स्प्रेसुद्धा चांगला टिकतो. तो उखडतो, ते बहुतेक वेळा खालचं काम कच्चं राहिल्यामुळे. पैसे वाचवायचेच असतील तर रंगाच्या ब्रँडवर वाचवा; डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण), पॉलिश पेपर आणि प्रायमर (रंगाखालचा पकड देणारा थर) यांत हात आखडता घेऊ नका.

रंगवू नये ते चाक रंगवणं

चाक काढून आधी आतून-बाहेरून नीट बघा. तडा गेलेली किंवा वाकलेली रिम पुट्टीने झाकणं म्हणजे जिवाशी खेळ. पुट्टीने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, चाकाला ताकद येत नाही. फुटपाथला घासून पडलेले ओरखडे, उडालेलं लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर), विटलेला रंग, एवढंच घरच्या कामाच्या आवाक्यातलं. डायमंड कट चाकाची चकाकी तर लेथवर काढलेली असते, ती घरी परत येत नाही. ते चाक एकाच रंगात बघायची तयारी असेल तरच पेपर लावा.

चाक गाडीवरच ठेवून रंगवायचा मोह अनेकांना होतो. स्पोकच्या कडांना रंग पोचत नाही आणि ब्रेक डिस्कवर मात्र बसतो. चाक काढाच, आणि तेवढा वेळ गाडी जॅकच्या भरवशावर न ठेवता जॅक स्टँडवर टेकवा.

शाम्पूने धुतलं म्हणजे झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती इथे. ब्रेक डस्ट ही नुसती धूळ नव्हे. ब्रेक लागताना डिस्क आणि पॅड झिजून निघालेले लोखंडाचे गरम कण लॅकरमध्ये रुतून बसतात आणि शाम्पूला दाद देत नाहीत. आयर्न रिमूव्हर मारलं की त्यांचे जांभळे ओघळ वाहू लागतात. ओघळ यायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. टायर पॉलिशमधलं सिलिकॉन त्याहून चिवट. ते डोळ्याला दिसत नाही, पण रंगाचा पहिला हात बसताच जागोजाग गोल खळगे पडतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. म्हणून टायरही घासून धुवा. नाहीतर मास्किंग टेपसुद्धा चिकटणार नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी तेलकटपणा काढायचा, मगच पेपर मारायचा. उलटं केलं तर तेल पेपरच्या चरांत आणखी आत जातं. पेपर मारून झाल्यावर पुन्हा एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा: एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं, आणि ओलं वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं. रॉकेल-डिझेल नको, त्यांचा तेलकट थर मागे राहतो.

चाक स्वच्छ झालंय का, याची फुकटातली परीक्षा आहे. वरून साधं पाणी ओता. पाणी सलग पातळ थर धरून राहिलं तर हरकत नाही. एखाद्या जागी ते फाटून थेंब-थेंब झालं तर तिथे अजून तेल किंवा मेण आहे. परीक्षा झाली की चाक पूर्ण वाळू द्या. नटांची भोकं आणि स्पोकचे कोपरे बराच वेळ पाणी धरून ठेवतात.

पेपर आणि पुट्टीतली घाई

घट्ट बसलेला जुना रंग धातूपर्यंत काढायची गरज नाही. ३२० ते ४०० नंबरच्या पेपरने चमक मारली की पुरे. मात्र लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या नागमोडी रेषा दिसत असतील तर तो अॅल्युमिनियमचा गंज आहे. तिथे दिसतं त्याच्याही थोडं पुढपर्यंत घासून उघडा धातू काढा, नाहीतर ती रेष नव्या रंगाखालून पुढे सरकत राहील. ओरखडे १२० नंबरने उतरवून २४० आणि मग ४०० वर या. जुना रंग आणि धातू यांच्या सीमेवरून बोट फिरवा. नखाला पायरी लागली तर रंगानंतरही ती दिसणारच.

पुट्टी उघड्या, खरखरीत धातूवर भरायची. एच (etch) प्रायमर म्हणजे धातूला पकडणारा प्रायमर; त्यात आम्ल असतं, त्याच्यावर पॉलिएस्टर पुट्टी धड पकडत नाही. आधी पुट्टी, मग उघड्या अॅल्युमिनियमवर एच प्रायमर, त्यावर साधा फिलर प्रायमर.

नको तिथे रंग बसणं

नट किंवा बोल्ट जिथे टेकतात त्या बैठका आणि चाकाची हबला टेकणारी मागची बाजू कोरीच राहिली पाहिजे. तिथला रंग दाबाखाली चेपतो, झिजतो आणि तेवढाच नट सैल पडतो. दिसण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर. मास्किंग टेपचे तुकडे भोकांत नीट दाबून बसवा, व्हॉल्व्हही झाका. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते ओळीने खोचले की टायर झटपट झाकला जातो.

एकाच हातात रंग भरायला बघणं

कॅनमधली गोळी वाजू लागल्यावरही दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. आधी स्पोकच्या बाजू आणि भोकांच्या कडा, शेवटी दर्शनी भाग. पहिला हात इतका विरळ हवा की खालचा प्रायमर दिसत राहावा. दोन हातांत १०-१५ मिनिटं जाऊ द्या. पण फार उशीरही नको: कॅनवर पुढच्या हाताची मुदत छापलेली असते. ती चुकवून अर्धवट वाळलेल्या थरावर मारलं तर नव्या हातातलं सॉल्व्हंट खालच्या रंगाला सुरकुत्या पाडतं. कडक उन्हात रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, दमट हवेत क्लिअर (रंगावर शेवटी मारायचा पारदर्शक थर) दुधाळ होतो.

ओघळ आलाच तर ओल्यात बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या, ८०० च्या वॉटर पेपरने पाण्यात उतरवा आणि पुन्हा हात मारा. मेटॅलिक असेल तर तेवढाच ठिपका वेगळा दिसतो, त्यामुळे तो अख्खा स्पोक कडेपर्यंत घ्यावा लागतो. दुधाळ क्लिअरवर कोरड्या हवेत आणखी एक विरळ हात दिला की बहुतेक वेळा झाक जाते. सुरकुत्यांना मात्र इलाज नाही, खरवडून नव्याने सुरुवात.

क्लिअर कोट घरी वन-केच (हार्डनर न मिसळता वापरायचा) वापरावा, असं माझं मत. टू-के (हार्डनर मिसळायचा) जास्त कणखर असतो हे खरं, पण त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. कापडी मास्कने ते अडत नाहीत, आणि फुप्फुसांची किंमत चकाकीपेक्षा जास्त आहे.

वाळल्यासारखं वाटलं की बसवणं

तासाभरात बोटाला लागत नाही म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. निदान २४ तास थांबा. पुरता कडक व्हायला आठवडाभर लागतो. नट चांदणीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पहिले काही आठवडे आम्लाचं व्हील क्लीनर लांब ठेवा. बॅलन्सिंग करून घेताना कडेला ठोकायच्या क्लिपऐवजी आतून चिकटवायची वजनं लावायला सांगा, नाहीतर नवी कड त्याच दिवशी खरवडली जाईल.