शाळेत पोरांची स्वच्छता समिती कशी चालवायची (इंदूरवाल्यांसाठी)

आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येतंय, घराघरातनं सहा प्रकारचा कचरा वेगळा जातो, पण शाळेत मधल्या सुट्टीनंतर बघा, पोह्याचे कागद अन् शेव सगळीकडे! तर एका वर्गातून पाच-सहा पोरं घ्या, मुली हव्यातच, आणि फक्त हुशार पोरं घेऊ नका, मागच्या बाकावरची मस्तीखोर सर्वात भारी काम करतात, खरंच.

कामं वाटा: पाणी, हात धुणं, कचरा, टॉयलेट. टॉयलेटच्या टीमनं घासायचं नाही हं, ते काम सफाईवाल्या ताई-दादांचं, पोरांनी फक्त बघायचं की नळ चालू आहे का, साबण आहे का, कडी लागते का, आणि वहीत लिहून सरांना दाखवायचं. साबण रोज गायब होतो, म्हणून जुन्या मोज्यात घालून नळाला बांधा. जेवणाआधी वीस सेकंद हात चोळायचे, मोठ्यानं वीसपर्यंत मोजत.

दर पंधरा दिवसांनी टीम बदला, नाहीतर पोरं कंटाळतात नाहीतर दादागिरी करतात. आणि शनिवारी दहा मिनिटं मीटिंग, मॅडमनी मागे बसायचं, गप्प.