न्यू जर्सीला बहिणीजवळ शिफ्ट होताय? आधी कागद, मग गाडी

अमेरिकेत नवीन आलेल्या बऱ्याच जणांचं असं होतं की नोकरी लागते कॅलिफोर्नियात आणि भाऊ नाहीतर बहीण असते न्यू जर्सीत, दोन-तीन वर्षं फोनवरच जातात आणि मग एक दिवस ठरतं की बास, जवळ जाऊया. आमचंही तसंच. मुलगी झाली आणि ताईशिवाय राहवेना, म्हणून कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो, गाडीने, साधारण 2,900 मैल.

सगळ्यात आधी व्हिसा. कंपनी तीच आहे, घरूनच काम करणार, मग काय फरक पडतो असं अजिबात समजू नका. कामाची जागा दुसऱ्या मेट्रो एरियात गेली की एच-1बीची (नोकरीच्या व्हिसाची) अमेंडमेंट, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, लागते आणि नव्या जागी काम सुरू करायच्या आधी कंपनीने ती फाइल केलेली हवी, तुमच्या घरातलं टेबल ही पण कामाची जागाच. म्हणून आधी एचआरशी बोला, घराचं लीज नंतर मोडा.

सामान मूव्हर्सकडे देणार असाल तर त्यांचा यूएसडॉट नंबर (वाहतूक खात्याकडचा नोंदणी क्रमांक) सरकारी साइटवर बघून घ्या. पण पासपोर्ट, आय-797 (व्हिसा अर्जाच्या मंजुरीचं पत्र), आय-94 (देशात आल्याची नोंद), डिग्रीची ओरिजिनल्स, मुलांचे जन्मदाखले आणि सोनं हे ट्रकमध्ये टाकायचं नाही म्हणजे नाही, ते आपल्या गाडीत आणि रात्री आपल्यासोबत रूममध्ये.

आम्ही आय-80 हायवे घेतला. मे ते सप्टेंबरमध्ये जमवा. हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या डॉनर पासच्या घाटात बर्फासाठी चेन लावायला लागतात आणि वायोमिंगमध्ये रॉलिन्स ते लॅरामीच्या पट्ट्यात वाऱ्याने आणि बर्फाने रस्ता बंद होतो, कधीकधी तर फक्त हलक्या उंच गाड्यांना अडवतात, म्हणजे भाड्याचा ट्रेलर लावलेले तुम्ही तिथेच अडकणार. निघायच्या आधी त्या त्या राज्याचं 511 (रस्त्यांची ताजी माहिती देणारी सेवा) बघत जा. नेवाडा आणि युटाच्या सॉल्ट फ्लॅट्सकडे गॅस अर्धा झाला की भरूनच घ्यायचा. आम्ही 7 दिवस लावले, रोज सहा-सात तास, लहान मूल असेल तर याहून जास्त करू नका. पूर्वेकडे जाताना तीनदा एकेक तास कमी होतो, त्यामुळे संध्याकाळी पोचायचा हिशोब चुकतो, पण ताईशी बोलताना तीन तासांचा फरक दोन झाला, मग एक झाला, तेव्हा मला रडूच आलं होतं. खाण्याचं सांगायचं तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि छोटा राइस कुकर, मोटेलमध्ये गरम भात मिळाला की मुलं शांत झोपतात.

टोलचं मात्र आमचं चुकलं. कॅलिफोर्नियाचा टॅग पुढे चालत नाही, इलिनॉयपासून न्यू जर्सीपर्यंत ई-झीपास हा टोलचा टॅग चालतो, तो आधीच मागवून ठेवा. आमच्याकडे नव्हता, बिलं गाडीच्या जुन्या पत्त्यावर गेली आणि कळेपर्यंत लेट फी लागली होती.

पत्त्यावरूनच आठवलं, घर बदललं की 10 दिवसांत एआर-11 (इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा फॉर्म) भरायचा, ऑनलाइन होतो, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे झालं असं नाही, इमिग्रेशनची पत्रं पोस्ट फॉरवर्ड करत नाही. कितीतरी जणांना हे माहीतच नसतं आणि ग्रीन कार्ड नाहीतर ईएडी (काम करायच्या परवानगीचं कार्ड) जुन्या घरी जातं, प्लीज हे विसरू नका.

न्यू जर्सीत आल्यावर लायसन्स आणि गाडीचं रजिस्ट्रेशन 60 दिवसांत करायचं असतं. एमव्हीसीत (न्यू जर्सीचं आरटीओ) सिक्स पॉइंट्सची कागदपत्रं लागतात, म्हणजे प्रत्येक ओळखपत्राला ठरलेले पॉइंट्स असतात आणि बेरीज सहा व्हावी लागते, पत्त्याचा पुरावाही लागतो, बँकेचं स्टेटमेंट नव्या पत्त्यावर लगेच चालू करून घ्या म्हणजे अडत नाही. इन्शुरन्सवाल्यांना पण कळवा.

आणि पहिले काही आठवडे बहिणीकडेच उतरणार असाल तर एआर-11 तिच्या पत्त्याचा भरा, मग स्वतःचं अपार्टमेंट मिळालं की परत 10 दिवसांत दुसरा भरायचा. मी दोनदा भरला, दोन्हीच्या कन्फर्मेशनची प्रिंट अजून फाइलला लावलेली आहे.