अपडेटनंतर डिस्क गायब? आधी कंट्रोलरचा नंबर बघा

शनिवारी रात्री सेंटओएस लिनक्सच्या ७ वरून ८ च्या घरात उडी मारली आणि रीबूटनंतर स्क्रीनवर ड्रॅकटचा (बूटची सुरुवातीची इमेज बनवणारं साधन) इमर्जन्सी शेल, म्हणजे बूट अर्धवट अडकलं. डिस्कांची यादी देणारी 'एलएसबीएलके' कमांड मारली, एकही डिस्क नाही. डिस्का ठणठणीत होत्या. चूक माझी, रिलीज नोट्स वाचल्या नव्हत्या. सेंटओएस ज्यावरून बनतं त्या रेड हॅट ८ मध्ये एलएसआय कंपनीच्या बऱ्याच जुन्या एसएएस कार्डांचे (डिस्का जोडणारे कंट्रोलर) आयडी, म्हणजे ओळख-नंबर, ड्रायव्हरमधून काढून टाकलेत. ड्रायव्हर तोच, 'एमपीटी३सास', पण तुमचं कार्ड ओळखतच नाही!

तेव्हापासून अपडेटआधी मशीनमधली कार्डं दाखवणारी 'एलएसपीसीआय -एनएन' कमांड चालवतो. कार्डाच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात आयडी असतो. माझा १०००:००७२, म्हणजे एसएएस२००८. मग नव्या आवृत्तीचा आयएसओ पेनड्राइव्हवर घेऊन त्याच मशीनवर रेस्क्यू मोड सुरू करायचा. तिथे डिस्का दिसल्या तरच पुढे जायचं. दहा मिनिटांचं काम, पण रात्रीची झोप वाचते.

नाहीच दिसल्या, तर ईएलरेपो या जादा ड्रायव्हरांच्या भांडाराचं 'केमॉड-एमपीटी३सास' पॅकेज टाका, किंवा रेड हॅटशी सुसंगत आल्मालिनक्स ९.४ बघा, त्यांनी २०२४ मध्ये असे बरेच जुने आयडी परत घेतलेत.

पॅकेज टाकून लगेच रीबूट करू नका. 'ड्रॅकट -एफ' नव्या कर्नलची आवृत्ती देऊन चालवा, नाहीतर बूटची इमेज चालू कर्नलचीच बनते. मग इमेजमधल्या फायली दाखवणाऱ्या 'एलएसइनिटआरडी'ला तीच इमेज देऊन ड्रायव्हरचं मॉड्यूल आत आहे का ते शोधा. जुना कर्नल ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) राहू द्या. आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर हवा, त्याच कार्डामागे नको.