रॅटलस्नेक पकडणे सोपे, सोडणे अवघड : टुसानमधील अनुभव

ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या (शेपटीच्या टोकाच्या कड्या वाजवून इशारा देणाऱ्या विषारी सापाच्या) 13 जाती आढळतात. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात इतक्या नाहीत. तिथल्या टुसान शहराच्या कडेला, सग्वारो निवडुंगांच्या रानाला खेटून उभ्या राहिलेल्या वसाहतींत बहुतेक वेळा निघते ती यांतली वेस्टर्न डायमंडबॅक ही जात. साताऱ्याकडे असताना मी घोणस आणि नाग पकडायला शिकले होते, त्यामुळे इथल्या साप पकडून सोडणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात नव्याने शिकण्यासारखे फारसे नसेल, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच कामात ती समजूत गेली. गॅरेजमधल्या पाण्याच्या बंबामागून येणारा आवाज मला बागेतल्या तुषारनळाचा वाटला. तो साप होता. हुकाने शरीराचा मध्य उचलून, लांब चिमट्याने नुसता आधार देत (चिमटा आवळला तर बरगड्या मोडतात) मी त्याला आडव्या ठेवलेल्या बादलीत सरकवले आणि फिरकीचे झाकण लावले. त्यानंतरही बादलीच्या कडीतून ती थरथर हाताला जाणवत होती. चूक पुढे झाली. 'शक्य तितक्या लांब सोडा' असा घरमालकाचा आग्रह होता आणि मी मोटारीने बरेच मैल जाऊन त्याला सोडून आले.

गटातल्या ज्येष्ठ स्वयंसेविकेने मला एवढेच विचारले, की तिथली बिळे आणि हिवाळ्यात दडायची जागा त्याला कोण दाखवणार? डायमंडबॅक वर्षानुवर्षे ठरावीक टापूत वावरतो आणि थंडीत बहुधा त्याच कपारीत परततो. अनोळखी मुलखात टाकलेला साप सैरभैर भटकतो, उघड्यावर सापडतो आणि अशा सापांच्या मरणाचे प्रमाण वाढते. म्हणून आता मी त्याला घरापासून काहीशे मीटरांवरच, सावलीतल्या उंदरांच्या बिळाशी सोडते. जूनच्या दुपारी तापलेली वाळू सापाला काही मिनिटांत मारू शकते, तेव्हा वेळही पाहावी लागते, आणि बादली बंद मोटारीत ठेवून चहाला जाणे तर अक्षम्यच.

नवख्यांनी दोन गोष्टी आधीच मनाशी पक्क्या कराव्यात. मान धरून छायाचित्र काढण्याचा मोह (तो आपल्याकडच्या सर्पमित्रांनाही सुटत नाही) कायमचा सोडावा. दुसरे म्हणजे, आवाज नाही म्हणून साप नाही असे मानू नये. नवजात पिल्लाच्या शेपटीला एकच कडी असते आणि ती वाजत नाही. पुढची कडी कात टाकल्यावर येते. पावसाळ्यात जन्मलेली पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत आईजवळ राहतात, त्यामुळे जागा अडचणीची नसेल तर त्यांना तेवढे दिवस तिथेच राहू द्यावे, असे मी घरच्यांना सुचवते. दंश झालाच तर अंगठी काढावी, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे.

बाकीचे काम बोलण्याचे असते. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे सांडतात, दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप; गॅरेजच्या दाराखालची फट बुजवली की निम्मे प्रश्न मिटतात. साप पुन्हा दिसू शकतो, हेही मी स्पष्ट सांगते. एका घरून ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा फोन आला. शेवटची कडी तिरकी तुटलेला तोच साप कुंपणाच्या भिंतीपलीकडे वेटोळे घालून पडला होता. मी बादली आणायला वळले, तेव्हा घरमालकीणबाई म्हणाल्या, "राहू द्या, तो बाहेरच आहे."