फॉल्स रोडच्या शेजाऱ्याकडे चहाला जाताना

पश्चिम बेलफास्टमध्ये घर भाड्याने घेतलं तेव्हा एजंटाने बॉयलर कसा लावायचा ते दाखवलं, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा तेही सांगितलं. शेजाऱ्याशी कसं बोलायचं, ते काही सांगितलं नाही. माझ्या भिंतीपलीकडे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. कट्टर आयरिश रिपब्लिकन, तरुणपणी लाँग केशच्या तुरुंगात काही वर्षं काढलेले. सहा वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जे चुकत चुकत शिकले, ते नव्याने येणाऱ्या मराठी माणसासाठी लिहून ठेवतेय.

आधी शब्दाचा घोळ मिटवा. हा रिपब्लिकन अमेरिकेतल्या पक्षाचा नव्हे, आपल्या आठवलेंच्याही नव्हे. बेटावरच्या ३२ काउंट्या मिळून एकच प्रजासत्ताक व्हावं, ब्रिटनचा संबंध तुटावा, असं मानणारा तो इथला रिपब्लिकन. १९२१ मध्ये फाळणी झाली आणि सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या. फाळणी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून त्यांच्यासमोर 'नॉर्दर्न आयर्लंड' म्हणू नका. ते म्हणतात 'द नॉर्थ', रागात असले की 'सहा काउंट्या'. 'लंडनडेरी' नाही, 'डेरी'. इंग्लंडला 'मेनलँड' तर चुकूनही म्हणू नका. मी म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी चहाची किटली खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. उलट शँकिल रोडवरच्या युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहावं असं मानणाऱ्या, माणसाला यातले निम्मे शब्द टोचतात. त्यामुळे सोपा उपाय असा की समोरचा गावाला काय म्हणतो ते आधी ऐकायचं. औरंगाबाद म्हणायचं की संभाजीनगर, हे समोरच्याकडे बघून ठरवणाऱ्यांना हे जड जाऊ नये. गंमत म्हणजे बेटाचं उत्तरेकडचं शेवटचं टोक, मॅलिन हेड, हे डोनेगलमध्ये, म्हणजे 'साउथ'मध्ये, स्वतंत्र आयर्लंडमध्ये आहे. ही गोष्ट त्यांना सांगायला लावा, खुशीत येतात.

ते तुम्हाला 'लव' म्हणतील. दचकू नका, बसचा ड्रायव्हरही म्हणतो. 'व्हॉट्स द क्रॅक?' म्हणजे 'काय विशेष?' त्याला लांबलचक उत्तर द्यायचं नसतं.

कपड्यांवर काय लावलंय ते दारातच तपासा. पहिल्या नोव्हेंबरात कामावर कुणीतरी कागदाचं लाल पॉपी दिलं, मी ते कोटावर तसंच ठेवून त्यांच्याकडे गेले. चहा मिळाला, बिस्किटं आली नाहीत. पॉपी ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणासाठी. आणि ऑगस्ट १९७१ मध्ये विनाखटला डांबायला सुरुवात झाली तेव्हा पहाटे दारं फोडणारे सैनिक त्याच फौजेचे. पण महिनाभराने त्यांनीच एक जुना फोटो काढून दाखवला. त्यांचे आजोबा, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश गणवेशात. मी म्हटलं, मेसोपोटेमियात आमच्या मराठा पलटणीही त्याच राजासाठी लढल्या. त्यावर त्यांनी नुसती मान हलवली, आणि डबा पुढे सरकवला.

ईस्टरला मात्र लिलीचं फूल असतं. १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावातल्या मृतांसाठी कागदी बिल्ला, हिरवा, पांढरा, नारिंगी. ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या रिपब्लिकनांच्या सशस्त्र संघटनेत, आयआरएमध्ये, १९६९ अखेरीस फूट पडली, त्यानंतर एका गटाची लिली मागच्या डिंकाने चिकटायची, दुसऱ्याची टाचणीने. डिंकवाल्यांना आजही 'स्टिकीज' म्हणतात आणि ते प्रेमाने म्हणत नाहीत. कुणी देऊ केलीच तर घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घेत नाही. पाहुण्याने नम्रपणे नको म्हटलं तर इथे कुणी रागावत नाही.

तुरुंगाबद्दल कधीच विचारू नका. 'कशासाठी आत गेला होतात?' हा प्रश्न तर नाहीच. विषय आपोआप येतो, बहुधा भाषेच्या वाटेने. १९७६ मध्ये राजकीय कैद्यांचा दर्जा काढून घेतल्यावर रिपब्लिकन कैद्यांनी तुरुंगाचे कपडे नाकारले आणि नुसत्या घोंगड्या पांघरून राहिले. पुस्तकं नाहीत, वह्या नाहीत. ज्याला आयरिश येत होतं तो कोठडीच्या दारातून ओरडून शब्द सांगायचा आणि बाकीचे ते घोकायचे. आमचे शेजारी तिथेच आयरिश शिकले. त्यामुळे निघताना 'स्लॉन' एवढं म्हणा. उच्चार चुकतो, पण चेहरा बदलतो.

रिपब्लिकन कैद्यांच्या उपोषणाचा विषय निघाला तर आकडे पाठ असू द्या, कारण त्यांना ते जपमाळेसारखे पाठ आहेत. १९८१ मध्ये दहा जण गेले. पहिला बॉबी सँड्स, वय २७, ६६ दिवस, आणि मरण्याआधी महिनाभर खासदार म्हणून निवडून आलेला. त्याचं चित्र सेव्हस्टोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर आहे. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्वीनी १९२० मध्ये ७४ दिवसांनी गेले. इथे आपण जतींद्रनाथ दास यांचं नाव घ्यायचं: लाहोर, १९२९, ६३ दिवस. ते गेल्यावर मॅकस्वीनींच्या घरच्यांनी भारतात शोकसंदेशाची तार पाठवली होती. पण 'तुमचं आमचं अगदी सारखं' असं लगेच म्हणू नका. मी वाळवा तालुक्यातली. माझे आजोबा नाना पाटलांच्या पत्री सरकारात निरोप्याचं काम करायचे. भूमिगत लोकांनी स्वतःची न्यायालयं चालवली, हे सांगितल्यावर म्हातारे ताठ बसले. त्यांच्याकडेही १९१९ नंतर तशीच न्यायालयं होती. तासभर आम्ही फक्त निवाडा कसा द्यायचे एवढंच बोललो.

आता अवघड भाग. ३५०० हून जास्त माणसं त्या तीस वर्षांच्या हिंसाचारात, साधारण १९६८ ते १९९८, मेली, आणि निम्म्याहून जास्त रिपब्लिकन गटांच्या हातून. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीचे वडील आयआरएच्या बॉम्बमध्ये गेले. ती त्या काळाला 'ट्रबल्स' म्हणते, शेजारी 'युद्ध' म्हणतात. हे मी त्यांना पाचव्या वर्षी सांगितलं, आधी नाही. वाद घातला नाही, फक्त तिचं वय सांगितलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. ते खूप वेळ कप फिरवत बसले. मग म्हणाले, 'आहे माहीत.' तेवढंच. त्यांच्याशी सहमत व्हा असं मी सांगत नाही, मीही नाही. पण पहिल्याच चहाला हा प्रश्न टाकलात तर पाठ केलेलं भाषण ऐकायला मिळेल, आणि दुसरा चहा नाही.

फिरायला न्या म्हटलंत तर काळ्या टॅक्सीने नेतील. सत्तरच्या दशकात बसेस जळायला लागल्या तेव्हा या सुरू झाल्या. आपलं वडापच, पाच-सहा अनोळखी माणसं आत, आणि उतरायचं ठिकाण आलं की नाण्याने काचेवर टकटक. नाणं आधीच हातात ठेवा.

आणि गल्लीत कुणी गेलं तर 'वेक'ला जाच. शवपेटी घरात, उघडी. घरच्यांचा हात हातात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढंच म्हणायचं. आपल्याकडे सुतकाच्या घरी पाणीही घेत नाहीत. इथे चहा नाकारणं वाईट दिसतं. ताट समोर येईल, हॅमची सँडविचेस वर असतील. शाकाहारी असाल आणि अंडं चालत असेल तर खालची अंड्या-कांद्याची घ्या. एकादशी असेल तर निदान चहा तरी.