घरगुती विक्रीची पार्सलं: पोस्टाचा खर्च आणि फेऱ्या कशा वाचवाव्यात

चिवड्याला वजन नसतं, पण कुरिअरवाल्याच्या हिशेबात तो भाजणीपेक्षा जड भरतो. हे मला पहिल्या दिवाळीत कळलं, तेही पावती हातात आल्यावर. एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा होता. घरात मिक्सरचं रिकामं खोकं पडलं होतं, त्यात घातला, कडेनं वर्तमानपत्रं कोंबली आणि दिला पाठवून. पैसे लागले तीन किलोचे. मी भांडले, तेव्हा काउंटरवरच्या मुलानं शांतपणे टेप काढून खोकं मोजून दाखवलं. त्याचं बरोबर होतं.

आम्ही साताऱ्याहून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि चिवडा पाठवतो. तुम्ही साड्या, खणाच्या पर्स किंवा तोरणं पाठवत असाल, तरी हिशेब हाच आहे. काउंटरवर घासाघीस करून फारसं काही सुटत नाही. जे वाचवायचं ते पार्सल उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी.

१. काटा, टेप आणि एक वही

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, फक्त पाच किलोपर्यंत तोलणारा घ्या. सोबत शिंप्याची टेप. आता पॅक केलेल्या पार्सलची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्ही आकड्यांचा गुणाकार करा आणि ५००० ने भागा. येतं ते ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन, किलोमध्ये. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. गाडीत जागा अडते तिचं भाडं, असं समजा. बहुतेक ठिकाणी भागाकार ५००० नेच करतात. काही कंपन्यांचा आकडा वेगळा असतो, तो आधी विचारून वहीत लिहून ठेवा.

माझं मिक्सरचं खोकं ३० बाय २५ बाय २० चं होतं. गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे बरोबर तीन किलो. तोच चिवडा आता अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन पुड्यांत भरून २५ बाय २० बाय १४ च्या खोक्यात बसवते. गुणाकार ७०००, वजन १.४ किलो. चिवडा तोच, आकार निम्म्याहून कमी.

पुड्यातली हवा मात्र काढायला हवी. सीलिंग मशीन दाबायच्या आधी पुडा आडवा ठेवून तळव्यानं तोंडाकडे हलकेच सरकवत न्यायचा. जोर लावला तर पोह्यांचा भुगा होतो, आणि अजिबात दाबला नाही तर पुडा उशीसारखा फुगून बसतो.

२. पुडा किलोच्या नव्हे, स्लॅबच्या मापानं बांधा

पार्सलचे दर साधारण पाचशे ग्रॅमच्या टप्प्यांनी, म्हणजे स्लॅबनी, चढतात. पाचशे ग्रॅम भाजणी, दहा ग्रॅमची पिशवी, वर पंधरा ग्रॅमची कुरिअर बॅग, झाले ५२५ ग्रॅम. वरच्या पंचवीस ग्रॅमसाठी तुम्ही पुढच्या अर्ध्या किलोचे पैसे मोजता. आम्ही भाजणीचा पुडा ४५० ग्रॅमचा केला. किंमत त्या प्रमाणात उतरवली आणि लेबलवर ४५० ठळक छापलं. आता सगळं मिळून ४७५ भरतं. दोन पुडे एकत्र पाठवले तरी एक किलोच्या आत राहतं. सुरुवातीला एकदोन जुन्या ग्राहकांनी “अर्धा किलो का नाही?” असं विचारलं. कारण सांगितलं, पटलं.

याची दुसरी बाजूही वापरा. एखादं पार्सल ६२० ग्रॅम भरतंय, म्हणजे एक किलोच्या स्लॅबमध्ये ३८० ग्रॅमची जागा रिकामी आहे. ग्राहकाला तसं सरळ कळवायचं: “ताई, पाठवणावळ तेवढीच राहील, मेतकुटाची एक पुडी घालू का?” निम्म्या वेळा तरी हो येतं.

३. खोकी तीनच, आणि जिथे चालेल तिथे खोकंच नको

भाजणी, पीठ, कापड, पर्स यांना खोकं लागत नाही. जाड प्लास्टिकची कुरिअर बॅग पुरते. साधं खोकंसुद्धा सहज शंभर ग्रॅम खातं. चिवडा, पणत्या, बरण्या, म्हणजे चुरा किंवा तुकडे होणाऱ्या वस्तूंना मात्र खोकं हवंच. त्यासाठी आपल्या नेहमीच्या ऑर्डरी बघून तीन मापं ठरवा आणि ती गठ्ठ्यानं आणा. पुण्याच्या आसपास असाल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर मारा. नाहीतर गावातल्या पुठ्ठेवाल्याला मापं दिली की तोही करून देतो. साध्या मालाला तीन पदरी पुठ्ठा पुरतो, काचेला पाच पदरी घ्या.

मेडिकल किंवा किराणा दुकानातली जुनी खोकी फुकट मिळतात. जरूर वापरा, पण त्यावरचा जुना बारकोड खरवडून काढा किंवा काळ्या मार्करनं पूर्ण झाका. नाहीतर मशीन तोच वाचतं आणि पार्सल भलतीकडे फिरून येतं.

चिकटपट्टी फक्त मधल्या फटीवर लावून भागत नाही. दोन्ही कडांवरही आडवी मारा, इंग्रजी ‘एच’ दिसेल अशी. मग खोकं कानाशी धरून हलवा. आत खडखडलं तर परत उघडा.

लोणचं, तूप, काकवी असला पातळ माल मी दूर पाठवणं बंद केलं आहे. एका बरणीचं झाकण सैल राहिलं आणि शेजारच्या चार पार्सलांना तेल लागलं. त्या महिन्यातला लोणच्याचा नफा त्यातच गेला.

४. पत्ता आपण लिहायचा नाही, ग्राहकानं लिहायचा

परत आलेल्या पार्सलाइतकं महाग काही नसतं, आणि पार्सल परत यायला बहुतेकदा पत्ताच कारण असतो. फोनवर ऐकून पत्ता उतरवू नका. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरलेला मजकूर साठवून ठेवता येतो. त्यात पाच ओळी ठेवा: पूर्ण नाव, घर क्रमांक आणि इमारत, रस्ता व खूण, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, दोन मोबाइल नंबर. ऑर्डर आली की तो पाठवायचा आणि भरून मागायचा. आलेला मजकूर कॉपी करून लेबलवर छापायचा. एका ए-फोर कागदावर चार लेबलं बसतात.

खुणेच्या ओळीत “मारुतीच्या देवळाजवळ” आलं तर पुन्हा विचारा. मारुतीचं देऊळ नाही असं गाव दाखवा!

पिनकोड मात्र स्वतः तपासा. इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर मिनिटभराचं काम आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. एकाच नावाची गावं आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांतून होणारा घोळ टाळण्यासाठी सहा आकडे आले. पहिल्या तीन आकड्यांवरून पार्सल कुठल्या जिल्ह्याच्या वर्गवारीत पडायचं ते ठरतं, शेवटच्या तिनांवरून कुठलं पोस्ट ऑफिस. पुण्यातलं वडगाव शेरी ४११०१४ आणि कोल्हापूरकडचं पेठ वडगाव ४१६११२. ग्राहकानं नुसतं “वडगाव” लिहिलं आणि पिन तुम्ही अंदाजानं टाकला, तर पार्सल दोनशे किलोमीटर चुकतं.

५. कुठून पाठवायचं?

एकच उत्तर नाही. आमच्याकडे तीन वाटा आहेत.

खेड्यापाड्यात, कोकणातल्या वाडीत किंवा ईशान्येकडे माल जायचा असेल तर पोस्ट. खासगी कुरिअर ज्या पिनला “सेवा नाही” म्हणतं तिथेही पोस्टमन जातो. जुनी रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. त्यामुळे काउंटरवर “रजिस्टर करा” म्हणायची सवय सोडा. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर आले आणि व्हॉट्सॲपवर आकडे फिरले: ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर ४७ रुपये, वर जीएसटी. ते कागदपत्रांचे दर आहेत. आपला माल पार्सलात मोडतो, म्हणून पार्सलचाच दर विचारा. माल किमती असेल तर पाच रुपये आणि जीएसटी जादा भरून ओटीपी सांगितल्यावरच पार्सल देण्याची सोय घेता येते. चांदीच्या वाट्या, पैठणी असलं काही पाठवणाऱ्यांना पाच रुपये जड नाहीत.

पुस्तकं विकत असाल तर मे २०२५ मध्ये सुरू झालेली ज्ञान पोस्ट बघा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीच्या मार्गानं जातं, म्हणून वेळ लागतो.

मोठ्या शहरांतल्या पत्त्यांसाठी कुरिअर. महिन्याला वीसपंचवीस पार्सलं होऊ लागली की शिपरॉकेटसारख्या मध्यस्थ सेवेत खातं उघडा. आधी थोडे पैसे भरून ठेवायचे, पिनकोड आणि वजन टाकायचं, मग वेगवेगळ्या कुरिअरचे दर शेजारी शेजारी दिसतात. माणूस घरी येऊन पार्सल नेतो, ती फेरीही वाचते. इथे एक काळजी घ्या. पार्सल बंद केल्यावर काट्यावरचा आकडा दिसेल असा एक फोटो काढा, आणि टेप लावलेला दुसरा. एका कंपनीनं माझं सातशे ग्रॅमचं पार्सल दोन किलोचं लावलं होतं. फोटो होते म्हणून पैसे परत आले.

तिसरी वाट एसटी पार्सल किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्स. दहाबारा ऑर्डरी एकाच शहरातल्या असतील तर ही सगळ्यात स्वस्त. दिवाळीत आम्ही डोंबिवलीचा सगळा माल एका मोठ्या खोक्यात घालून नणंदेकडे पाठवतो. प्रत्येक पुड्यावर नाव असतं, ग्राहक संध्याकाळी तिच्याकडून घेऊन जातात. तिला त्याबद्दल दोन किलो चिवडा. तिच्या मते तीन हवेत.

६. वार ठरवा

रोज एकदोन पार्सलं घेऊन पोस्टात जाण्यात अर्धा दिवस मोडतो. आम्ही मंगळवार आणि शुक्रवार धरले आहेत, आणि ऑर्डर घेतानाच तसं सांगतो. सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या दिवसांत पोस्टात गर्दी असते, ते टाळा. आदल्या रात्री पॅकिंग आणि लेबलं, सकाळी फक्त काउंटर.

काउंटरवर एकच प्रश्न विचारून ठेवा: “तुमची बॅग किती वाजता निघते?” बॅग चारला निघत असेल तर साडेचारला बुक केलेलं पार्सल रात्रभर तिथेच झोपतं. शुक्रवारी बॅग चुकली तर ते निघायला शनिवार उजाडतो आणि मधेच रविवार आडवा येतो. खाण्याचा माल असेल तर हे दिवस मोजावेच लागतात.

पार्सलं नियमित आणि बरीच असतील तर पोस्टमास्तरांना भेटून करारावरच्या ग्राहकांची सोय विचारा. पार्सलं येऊन नेणं, महिन्याच्या शेवटी बिल, सवलत हे सगळं त्यात येतं. नव्या घाऊक ग्राहकांना स्पीड पोस्टवर ५ टक्के सवलत जाहीर झाली आहे. मागितल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

ट्रॅकिंग नंबर त्याच संध्याकाळी ग्राहकाला पाठवा. “माझं पार्सल कुठे आलं?” हे फोन निम्म्यावर येतात. माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी वेळेची बचत.

७. पैसे आधी

पार्सल हातात पडल्यावर पैसे, ही सोय ग्राहकाला आवडते, पण घरगुती विक्रेत्याला ती झेपत नाही. समजा चारशेची ऑर्डर आहे आणि पाठवायला ८० रुपये लागतात. ग्राहकानं दारात “नको” म्हटलं तर बऱ्याचदा परतीचेही तेवढेच लागतात, आणि पंधरा दिवस हिंडून आलेला चिवडा कुणाला विकणार? आम्ही यूपीआयनं पूर्ण पैसे आधी घेतो. अगदी अनोळखी ग्राहक बिचकत असेल तर निदान पाठवणावळ तरी आधी मागतो. ती भरणारा माणूस पार्सल नाकारत नाही, हा माझा अनुभव.

पाठवणावळ किती लावायची, हे वही सांगते. मागची वीस पार्सलं काढा, प्रत्येकाचं वजन, पिन आणि लागलेले पैसे बघा. त्यात खोकं आणि चिकटपट्टीचे पैसे मिळवा. मग तीनच दर करा: जिल्ह्यात, महाराष्ट्रात, बाहेर. “पोहोच मोफत” लिहायचं असेल तर त्याला किमान ऑर्डरची अट लावा. नाहीतर शंभर रुपयांच्या मेतकुटासाठी साठ रुपये तुमच्या खिशातून जातात.

परदेशचा फराळ हे प्रकरण वेगळं आहे. विक्री म्हणून माल पाठवायचा तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो, त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम बघावे लागतात. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं त्यासाठीच आहेत, कागदपत्रं तिथे समजावून देतात. पहिल्या वर्षी त्यात पडू नका, एवढंच सांगते.

दिवाळीत मात्र वरचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. कुरिअरच्या गोदामात ढीग लागतात आणि दोन दिवसांचं पार्सल सहा दिवस घेतं. आम्ही वसुबारसेच्या दहा दिवस आधी बाहेरगावच्या ऑर्डरी बंद करतो, आणि ती तारीख नवरात्रातच सगळ्यांना कळवतो. त्यानंतर फोन येतातच. त्यांना म्हणते, चिवडा आहे, घरी येऊन घेऊन जा, चहाही पाजते.